शनिवारची आठवण: 'मेमेंटो मोरी', बरोबर 6 वाजता

सभासदहो, शनिवारी 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' या कोरियन भयपटमालिकेतला दुसरा भाग, 'मेमेंटो मोरी' (1999). पहिला (1998) पाहिला नसेल तरी चालेल. सहाही भागांत मुलींची शाळा तेवढी समान, पात्रं आणि कथा दर वेळी नवी. भुतापेक्षा इथे दोन मुलींचं प्रेम आणि दोघींनी मिळून लिहिलेली डायरी महत्त्वाची. ती त्यांच्याच शाळेतल्या मिन-आच्या हाती लागते आणि काळ मागेपुढे उड्या मारू लागतो. सुरुवात चुकली तर ह्यो-शिन कोण, शी-उन कोण, हा घोळ शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून 6 नंतर दार बंद, कुरकुर चालणार नाही.

सबटायटल आणणाऱ्यांनी फाइल सेकंदाला 24 फ्रेमची (चित्रचौकटींची) की 25ची, हे आधी तपासावं. चित्रपटाशी न जुळल्यास तासाभरात ओळी जवळपास अडीच मिनिटं सरकतात.