चिपळूणच्या चाचांना, मध्यरात्रीचा हॉर्न थांबवल्याबद्दल

चाचा, सलाम.

चष्मा शोधत बसू नका, भाच्याला वाचायला सांगा. तो मध्येच हसेल, हसू द्या.

मी कराडची, पांढऱ्या गाडीवाली. जुलैतल्या एका रविवारी कुंभार्ली घाटात ऐन पावसात माझे वायपर काचेच्या मधोमध येऊन उभे राहिले. पुढच्या एसटीचे लाल दिवे धरून घाट कसाबसा उतरले आणि कुणीतरी बोट दाखवलं म्हणून तुमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाच्या दारात आले. पैसे तेव्हाच चुकते केले होते. आभार राहिले होते, कारण तेव्हा मला फक्त गुहागर गाठायचं होतं.

त्याआधीचे दोन महिने काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धवटच सांगितलं, लाज वाटत होती. रात्री दोन वाजता गाडी आपोआप हॉर्न वाजवायची. किल्ली घरात खुंटीवर, आणि खाली इंडिकेटर लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकतायत. सेंटर लॉक खट-खट, खट-खट. सोसायटीतल्या एका काकूंनी तर लिंबू-मिरची बांधून बघा म्हणून सुचवलं, आणि मी बांधलीही. सकाळी बॅटरी उतरलेली, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप. एका सर्व्हिस सेंटरमध्ये साडेपाच हजारांची नवी बॅटरी बसवली, ती पाचव्या दिवशी झोपली. पुन्हा गेले तर म्हणाले, मॅडम, अख्खं वायरिंग बदलावं लागेल. तो आकडा ऐकून मी गाडी विकायलाच काढली होती.

तुम्ही मात्र पहिला दीड तास काहीच केलं नाहीत! मला तसंच वाटलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर जोडलात, ड्रायव्हरचा दरवाजा उघडाच ठेवून त्याच्या लॉकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर दाबलात, म्हणजे दरवाजा बंद आहे असं गाडीला वाटावं. आणि मला म्हणालात, "ताई, किल्ली घेऊन त्या चहावाल्याकडे बसा. गाडी झोपू दे." गाडी झोपते हे मला तेव्हा कळलं. सगळं बंद केल्यावर तिच्यातले सगळे कंट्रोलर एकेक करून डोळे मिटतात, त्याला कधी वीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. मग मीटरवर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. माझा ८०० वर अडून बसलेला. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे दोन दिवसांत ती कोरडी पडणार हा हिशेब तुम्ही बोटांवर करून दाखवलात.

मग एकेक फ्यूज ओढत गेलात. बॉडी मॉड्यूलचा, म्हणजे दिवे, लॉक, हॉर्न, वायपर सांभाळणाऱ्या डब्याचा, ओढला आणि आकडा ३० वर आला. मी म्हटलं, सापडलं! तुम्ही मानच हलवलीत. फ्यूज परत लावून मॉड्यूलमधून दिव्यांकडे, लॉककडे जाणारे कपलर (वायरींचे जोड) सोडवलेत, तरी ते करंट ओढतच होतं, म्हणजे दोष मॉड्यूलच्याच पोटात. तेव्हा म्हणालात, "आता सापडलं." आणि त्या वायरिंगवाल्या सल्ल्याचं काय, म्हणून मी विचारल्यावर बॅटरी सोडून, ज्यांवरून सगळे कंट्रोलर आपसात बोलतात त्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवर मीटर लावलात. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर, म्हणून मध्ये ६० दिसायला हवेत, आणि बरोबर ६० दिसले. लाइन धडधाकट होती. अख्ख्या वायरिंगचा खर्च त्या एका आकड्यात वाचला.

इथे दुसरा कुणी असता तर डबा बदलून मोकळा झाला असता. तुम्ही डॅशबोर्डखाली आडवे झालात, टॉर्च तोंडात, आणि भाच्याला म्हणालात, मगाने पाणी ओत. काचेच्या खाली, वायपरखालच्या जाळीवर. एक मग, दोन मग. तिसऱ्याला तुम्ही मला खाली वाकून बघायला लावलंत. वायरींच्या जुडग्यावरून एक थेंब सावकाश घरंगळत आला, कपलरच्या टोकाशी लोंबला आणि आत गेला. बस, इतकंच. दोन महिन्यांचं भूत.

वर गुलमोहराच्या पाल्याने पाणी जायची वाट बुजली होती, तिथे तळं साचत होतं. आणि ते आत यायला भोक कुठलं, तर दोन वर्षांपूर्वी मी हौसेने फॉग लॅम्प बसवून घेतले, तेव्हा वायर आत घ्यायला बसवणाऱ्याने रबराचं बूच ब्लेडने कापलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसतं ते बूच माझ्या हातावर ठेवलंत.

जुनं मॉड्यूल उघडलंत तेव्हा आत पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळक. पुसून चालेल का, म्हटल्यावर तुम्ही २२ जुलै २०२१ चं सांगितलंत. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, तुमचं दुकानही त्यात, आणि पुढे कित्येक महिने तुम्ही बुडालेल्या गाड्याच उघडत होतात. किती मॉड्यूल धुऊन, सुकवून चालू केलीत, आणि त्यातली किती सहा महिन्यांनी परत आली. "चालेल, पण घाटात बंद पडलं तर मला शिव्या देशील." भंगारातलं जुनं घ्यायलाही नाही म्हणालात, त्यात दुसऱ्याच गाडीचा नंबर बसलेला असतो. माझ्या मॉड्यूलवरच्या स्टिकरचा नंबर देऊन सोमवारी नवं मागवलंत, साडेअकरा हजारांचं. बिल माझ्या नावावर, तुमचा एक रुपया त्यात नाही.

कोडिंग, म्हणजे नव्या मॉड्यूलची गाडीशी आणि किल्ल्यांशी ओळख करून देणं, आपल्याला येत नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. (कारागीर माणसाच्या तोंडून "हे मला येत नाही" मी फार वेळा ऐकलेलं नाही.) लॅपटॉपवाल्या दोस्ताला बोलावलंत, त्याने आधी आरसी आणि माझं लायसन्स बघितलं, मगच गाडीला हात लावला. दोन्ही किल्ल्या हव्यात म्हणाला, समोर नसलेली किल्ली गाडी विसरून जाते. दुसरी किल्ली कराडला. पुतण्या ती घेऊन पाटण, कोयनानगर करत एसटीने आला, तोवर तुम्ही नवं बूच बसवून सीलंट लावलं होतं आणि मॉड्यूलच्या अलीकडे वायरींना खाली झोळ दिला होता. घरात येणाऱ्या लाइटच्या वायरीला वायरमन देतो तसा, म्हणजे चुकून पाणी आलंच तर झोळातून खाली गळेल, कपलरपर्यंत चढणार नाही. हा झोळ कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मजुरी १२०० घेतलीत. मी दोन हजार पुढे केले तर सुटे आठशे मोजून परत दिलेत आणि वर दम भरलात, झाडाखाली लावलीस तर दर आठवड्याला ती जाळी साफ करायची. करते. जुन्या दातांच्या ब्रशने, दर रविवारी. लिंबू-मिरची काढून टाकली, काकूंना ते आवडलेलं नाही. ऑगस्टच्या झडीत गाडी सलग चार दिवस उभी होती, पाचव्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

दिवाळीत गुहागरला जाताना थांबेन. भाच्याचा दहा नंबरचा पाना माझ्या सीटखाली सापडलाय, त्याला म्हणावं हरवल्याबद्दल बोलणी खाल्ली असशील तर सॉरी. येताना आणते.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई, कराड