वघईच्या घाटातल्या त्या तिघांचे आभार

रविवारी मी आणि ताई नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत सापुताऱ्याला गेलो, बॉर्डर ओलांडली आणि हवाच बदलली, पाट्या गुजरातीत, समोर नुसतं धुकं. गिरा धबधबा बघायचा म्हणून पुढे वघईकडे उतरताना टायर बसला आणि स्टेपनीतही हवा नाही (चेक करायचं काम माझं होतं, ताई अजून ऐकवतेय). तेवढ्यात पिकअपवाले तिघं थांबले. एकाने चाकामागे दगड लावला, दुसरा पिकअपमधून स्टेपनी नेऊन हवा भरून आला, तोवर काका डांगीत ताईशी गप्पा मारत होते, बरंचसं कळलं की आम्हाला! पैसे घेतलेच नाहीत, उलट नागलीची भाकरी दिली. नावं विचारायची राहिली. दादा, काका, खरंच थँक्यू, नाशकात आलात तर मिसळ आमच्याकडून.