भयपटाचे पैसे धुरात घालवू नका

महोदय,

पैसे नाहीत म्हणून मराठी भयपटाची भीती वाटत नाही, हे आता इतक्या वेळा ऐकलं आहे की निर्मातेसुद्धा तेच पुढे करतात. कोल्हापूरकरांनी तरी ते मान्य करू नये. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, तेव्हा त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की तो भाग पुढे कापावा लागला. तो मूकपट होता. दचकवायला आवाजही हाताशी नव्हता.

आज पन्हाळा, शाहूवाडी, कागलकडचा एखादा पडका वाडा, पाच-सहा पात्रं आणि घराण्याचं झाकलेलं पाप, एवढ्या भांडवलावर चित्रपट करू पाहणारी बरीच तरुण मंडळी आहेत. त्यांचे पैसे नेमके कुठं वाया जातात, ते लिहितो.

पहिली चूक कॅमेरा सुरू होण्याआधीच झालेली असते. घराण्याचं गुपित शेवटच्या दहा मिनिटांत म्हाताऱ्या गड्याच्या तोंडून सांगायचं, एवढंच ठरलेलं असतं. मग सालं जुळत नाहीत. १९५५ला विहिरीत ढकललेल्या बाईची मुलगी आज पस्तिशीची दिसते. यावर उपाय बिनखर्ची आहे. एका मोठ्या कागदावर प्रत्येकाचं जन्मसाल, घटनेचं साल, त्या रात्री घरात कोण होतं, कुणाला काय ठाऊक आहे आणि गप्प राहून कुणाचा काय फायदा झाला, हे मांडा. शेवटचा रकाना भरता आला नाही तर ते पात्र काढून टाका.

गुपित काय असावं, यासाठी परदेशी नकलेची गरज नाही. कुळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार होतं. एखादं कूळ त्याआधीच्या महिन्यात 'गाव सोडून गेलं' असं घरातले सांगतात आणि परसातला आड मात्र त्याच सुमारास बुजवलेला, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो. दुसरं उदाहरण बहिणीच्या हक्कसोडपत्राचं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीनं आला, देशभर २००५ला. हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा आहे आणि कागदाची तारीख तिच्या मृत्यूनंतरची आहे. हे संवादात सांगू नका. आधीच्या एका दृश्यात भिंतीवरच्या फोटोखाली मृत्यूची तारीख दिसू द्या, नंतर कागद दाखवा. प्रेक्षक हिशेब करतो, आणि स्वतः केलेला हिशेब त्याला जास्त हादरवतो.

फक्त तो कागद नीट करा. साठ सालच्या ट्रंकेतून संगणकावर छापलेला सातबारा निघाला की थिएटरात हशा पिकतो. तो हातानं लिहिलेला हवा, फेरफार क्रमांकासह, आणि बॉलपेननं नव्हे, टाकानं. जुना दिसण्यासाठी अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळा, गार झाल्यावर कागद दहा मिनिटं बुडवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकला तर पापडासारखा वाकतो. वाळल्यावर इस्त्री करा आणि मगच लिहा. आधी लिहून बुडवला तर शाई पसरते. तीन प्रती करा, कारण एक तरी टेकमध्ये फाटतेच.

आता वाडा. जुन्या वाड्यांची वायरिंग बहुधा घरगुती दिव्या-पंख्यांपुरती असते. पाच अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला साधारण ११५० वॅट मिळतात. धुराचं मशीन एकटंच हजार-दीड हजार वॅट खातं. ते आणि एक हॅलोजन एकाच बोर्डावर लावला की फ्यूज उडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुळईच्या खाचेतली जुनी वायर तापते. वर शंभर वर्षांचं लाकूड आणि तक्तपोशी असते, हे विसरू नका. मीटरपासून वेगळी जाड केबल ओढून घ्या, त्यावर एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवा आणि हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. जनरेटर आणायचा तर तो वाड्यापासून निदान शंभर-दीडशे फूट लांब, भिंतीआड. नाहीतर त्याची घरघर प्रत्येक संवादाखाली बसते.

मुळात धुराचं मशीन कशासाठी, हेच कळत नाही. धुरानं भीती येते हा गैरसमज आहे. धूर प्रकाश पसरवतो, त्यामुळे काळ्याचं राखाडी होतं आणि कोपरा जास्तच स्पष्ट दिसायला लागतो. दोन टेकच्या मध्ये धूर विरतो, मग शॉट जुळत नाहीत. शिवाय मशीनच्या द्रवाचा थर शहाबादी फरशीवर बसून ती निसरडी होते आणि अंधारात अनवाणी धावणारी नटी घसरते. किरण दिसायलाच हवा असेल तर धुपाटण्यात चिमूटभर ऊद टाका. घरात ऊद का जळतोय, याला कथेत कारणही देता येतं.

अंधार म्हणजे दिवे बंद करणं नव्हे. दिवे बंद करून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० वर नेला की भिंतीवर मुंग्या धावल्यासारखे रवाळ ठिपके दिसतात आणि आठ बिटच्या, म्हणजे कमी रंगछटा साठवणाऱ्या चित्रणात सावल्यांचे पट्टे पडतात. त्यापेक्षा दृश्य नेहमीपेक्षा एक स्टॉप उजळ टिपा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे संकलनानंतर रंग-उजेड जुळवताना, खाली आणा. तयार चित्रात चेहरा नेहमीच्या उजेडापेक्षा दोन स्टॉप खाली, मागची भिंत चार स्टॉप खाली, आणि चौकटीत एखादी तरी खरी उजळ वस्तू ठेवा. समईची ज्योत, कंदिलाची काच, पितळी घागरीची कड, काहीही चालेल. तुलनेला उजेड असल्याशिवाय डोळ्याला काळोख कळत नाही. कंदिलाचा स्वतःचा उजेड पुरत नाही, म्हणून त्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा पिवळा छोटा एलईडी बांधा. बाजारातले स्वस्त एलईडी मात्र आधी तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० सेकंद ठेवा. सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रीकरण असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश. ते विसरलं की पडद्यावर पट्टे फिरतात आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण जात नाहीत.

रात्र दिवसा काढायची असेल तर खिडक्यांना जाड काळं कापड लावा. शेततळ्याचा काळा प्लॅस्टिक कागद स्वस्त पडतो खरा, पण वाऱ्यानं फडफडतो आणि सगळा आवाज नासवतो.

आवाजाला मात्र भरपूर जागा द्यावी लागेल, कारण भयपट तिथंच उभा राहतो किंवा पडतो. शंभर रुपयांतले पंचवीस तरी ध्वनीवर घाला, असं आमचं मत आहे. प्रत्यक्षात पाचही जात नाहीत. आधी महिना निवडा. नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन, टेप फुल लावून रात्रभर पळतात. पावसाळ्यात बेडूक आणि पत्र्यांचा ताशा. चैत्रात गावोगावच्या जत्रा आणि डॉल्बी. मधले आठवडे शोधा आणि तारखा ठरवण्याआधी पोलीस पाटलांना गावच्या यात्रेचा दिवस विचारा.

रातकिड्यांची किरकिर सलग असते. संवादाखाली ती रेकॉर्ड झाली की प्रत्येक कटला तिचा सूर तुटतो आणि प्रेक्षकाला कारण न कळता दृश्य फाटल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक खोलीत, सगळ्यांना स्तब्ध उभं करून, किमान एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज टिपून ठेवा. माजघराचा वेगळा, सोप्याचा वेगळा. मातीच्या भिंतींत आवाज मुरतो, फरशीच्या खोलीत घुमतो. एकाचा दुसरीकडे चालत नाही. बूम माइक (लांब काठीवरचा) तोंडापासून दोन फुटांत ठेवा. लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा) नऊवारीच्या कडक काठावर घासला की खरखर येते. तो आत, त्वचेला मेडिकल टेपनं चिकटवा. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि किंकाळीचं टोक उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका (शून्य म्हणजे रेकॉर्डरची कमाल मर्यादा). किंकाळीची रिहर्सल पूर्ण ताकदीनं घ्या; कुजबुजीवर लावलेल्या पातळीत किंकाळी फाटते आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

दचकवण्याची जागा आली की आपले संगीतकार तीन सेकंद आधीच व्हायोलिन चढवतात. मग दचकायचं कुणी? उलट करा. पाच-सहा सेकंद आधी किडे थांबवा, घड्याळाची टिकटिक काढा, सगळी पातळी दहा डेसिबलनं उतरवा. ती शांतता प्रेक्षकाला पुढं झुकवते. खोल घरघरीचीही काळजी घ्या. ४० हर्ट्झची घरघर थिएटरात छातीत बसते, पण मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. तिच्याबरोबर १५० ते ३०० हर्ट्झचा एक थर ठेवा, म्हणजे ओटीटीवर पाहणाऱ्यालाही काहीतरी मिळेल.

रक्ताला फार खर्च नको, काकवी आहे. एक वाटी काकवी, पाव वाटी पाणी, दोन चमचे खाण्याचा लाल रंग आणि निळ्या रंगाचा एकच थेंब; निळा नसेल तर रक्त नारिंगी दिसतं. काकवी मुळातच तपकिरी, त्यामुळं कोको घालायची गरज नाही. कपड्यावर लागणार असेल तर थोडा लिक्विड साबण मिसळा, तोंडात घ्यायच्या रक्तात अजिबात नको. अडचण मुंग्या-माश्यांची, मिश्रण टेकच्या आधी पाच मिनिटं काढा आणि लगेच पुसा. आणि चुन्याच्या भिंतीवर उडवू नका. चुना रंग पितो, डाग निघत नाही आणि वाड्याचे मालक पुन्हा कुणाला वाडा देत नाहीत. भिंतीपुढं त्याच रंगाचा प्लायवूड उभा करा.

शेवटी मांत्रिक येऊन लिंबू फेकतो आणि घराण्याचं पाप फिटतं, हा शेवट तर कायमचा बंद व्हावा. २०१३ला जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात तो विचारानं लाजिरवाणा आहेच; पण कारागिरीच्या अंगानंही तो फसवा, कारण ज्यांनी कागदावर अंगठा उठवला ते सुटतात.

सेन्सॉरचं आधीच ठरवा. आता यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आहेत. 'ए' मिळालं तर टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणून रक्ताच्या प्रत्येक शॉटचा एक बिनरक्ताचा पर्याय त्याच रात्री काढून ठेवा.

आणि प्रिंट पूर्ण करण्याआधी सगळ्यात काळोखी आणि सगळ्यात हळू बोललेली दहा मिनिटं डीसीपीवर (थिएटरात दाखवायच्या डिजिटल प्रतीवर) घेऊन एखाद्या जुन्या एकपडदा थिएटरात सकाळच्या खेळाआधी लावून बघा. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जुना झाला की मंदावतो; ग्रेडिंगच्या खोलीत दिसलेला चेहरा तिथं चिखलात बुडतो. आवाजाचा प्रमाण फेडर, म्हणजे थिएटरातला आवाज कमी-जास्त करायचा आकडा, सातवर असतो, पण थिएटरवाले बहुधा पाचच्या आसपास ठेवतात. पाचवर शेवटच्या रांगेत कुजबूज ऐकू आली नाही, तर संगीत खाली घ्या आणि मिक्सिंग पुन्हा करा.

– ध्वनी व प्रकाश विभागात काम करणारे काही तंत्रज्ञ, कोल्हापूर