बॅटरी विकण्याआधी मीटर लावून दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. आमचा ट्रॅक्टर बावीस वर्षांचा जुना आहे. मागच्या मृगात वापसा झाला अन् सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट कट, पोरं गोळा करून धक्क्यावर चालू केला. दुकानदार म्हणला बॅटरी गेली, व्होल्ट मोजायचा मीटर काही लावला नाही, मी ८८ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची नवी घेतली अन् आठ दिवसात ती पण बसली. सोयाबीनची पेरणी तशीच अडली.

शेवटी एका वयस्कर वायरिंगवाल्या मामांनी विचारलं, चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का? मी म्हणलं नाही लागत, म्हणजे चार्जिंग बरोबरच आहे ना. तर इथंच आपलं सगळ्यांचं चुकतं! इंजिन बंद असताना चावी ऑन केली की दिवा लागलाच पाहिजे अन् इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच जातो, माझा बल्बच उडालेला होता, म्हणून बॅटरी चार्जच होत नव्हती. एवढ्याशा बल्बापायी नवी बॅटरी.

मामांनी मीटरवर दाखवलं, भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, अन् रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.४. रेस देऊनही आकडा वर सरकत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, आधी फॅन बेल्ट ढिला आहे का, टर्मिनलला पांढरी-हिरवी बुरशी आहे का, अर्थिंगची पट्टी गंजली का ते बघा, मग अल्टरनेटरचे ब्रश अन् व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब, बॅटरीचं पाणी उकळून जातं.

अजून एक, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "चार्जिंग बघायची" सवय डायनमोच्या (अल्टरनेटरच्या आधीचं चार्जिंगचं यंत्र) काळातली आहे, अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) त्यानं जळू शकतात, कृपा करून कुणी करू नका.

माझी मागणी एवढीच की दुकानदारांनी बॅटरी विकण्याआधी गिऱ्हाईकासमोर मीटर लावावा, अन् ज्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड आहे त्यांनी मे महिन्यात गावोगाव एक दिवस ट्रॅक्टर तपासून द्यावेत. मृग लागल्यावर कुणालाच वेळ नसतो.

आपला वाचक,
एक शेतकरी, जि. परभणी