एका ‘ए’वरून

इंदूर, शनिवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस झाले, तुझा फोन नाही. आई म्हणते, चूक तुमची. आहेच. पोरीने रात्री पावणेदोनला मेसेज टाकावा, की महिनाभर टीम मी सांभाळली आणि आज टीम लीड म्हणून ऑर्डर हातात आली; आणि त्या इंग्रजी मेसेजात ‘led’ऐवजी ‘lead’ पडलंय एवढंच पाहून बापाने उत्तर काय द्यावं, तर ‘लीडचा भूतकाळ लेड, त्यात ए नसतो’. बत्तीस वर्षं वह्या तपासल्या, लाल पेन हातातून सुटत नाही. अभिनंदन पुढच्या ओळीत लिहिणार होतो, तोवर तू ऑफलाइन.

तसा दोष तुझ्या एकटीचा नाही. ‘रीड’चा भूतकाळ स्पेलिंग न बदलता ‘रेड’ होतो, मग ‘लीड’नेच काय घोडं मारलंय? त्यात ए घालून ‘लेड’ वाचायचा शब्दही आहे, पण तो म्हणजे शिसं. भलेभले तिथेच घसरतात. मी दर वर्षी वर्गात शिसपेन्सिल दाखवून सांगायचो, हिच्यात शिसं औषधालाही नाही, ग्रॅफाइट आहे, नाव तेवढं चिकटलंय. तरी तू पेन्सिल चोखलीस की आजी तुला चूळ भरायला लावायचीच.

बघ, तास सुरू झाला. विचारायचं होतं भलतंच. पावणेदोनला तू घरी पोचली होतीस, की ऑफिसातच होतीस? राखीला म्हणाली होतीस, स्कूटीचा मागचा दिवा लागत नाही. केलास का दुरुस्त?

ते क्रियापद मात्र चार दिवस माझा पिच्छा सोडत नाहीये. इंग्रज आयुष्यसुद्धा ‘लीड’ करतो, जणू दावं धरून चालवतोय. आपण आयुष्य काढतो. तुझ्या आजोबांनी रामबागेतल्या दीड खोलीत काढलं. इंग्लंडात कुत्र्याचा पट्टा म्हणजेही लीड. पत्त्यांत पहिलं पान टाकणारा लीड करतो. कुमुदआत्याच्या भाषेत उतारी, आणि आत्याची उतारी कशी असायची ते तुला माहीत आहे, हातात सगळे हुकूम आणि टाकणार चौकटची दुर्री. कोर्टातला लीडिंग क्वेश्चन म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, समोरच्या वकिलाने हरकत घेतली तर तो चालत नाही, उलटतपासणीत चालतो. ‘तू जेवली नसशील ना?’ हे तुझ्या आईचं. एका गोष्टीने दुसरी ओढवली तरी इंग्रजीत लीडच. रोजची अपुरी झोप कशाकडे लीड करते, ते मी लिहीत नाही. लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तुझं वर्क फ्रॉम होम होतं, 2022 चा जून. रणजीची फायनल, आपण म्हणजे मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मुंबईच्या 374 वर आपण 536 केले आणि मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागलो. तू म्हणालीस, बाबा, मॅच संपली कुठेय? मी म्हटलं, पहिल्या डावात 162 ची लीड आहे, आता ड्रॉ झाली तरी कप आपला. इंदूरच्या जुन्या होळकर संघाच्या चार रणज्या आण्णांनी मला तोंडपाठ करून घेतल्या होत्या, त्यानंतर हाच पहिला. ड्रॉ करायची वेळ आलीच नाही, सहा विकेटने जिंकलो. तू लॅपटॉप मिटून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेलंस मला. बिल तू दिलंस.

अनंत चतुर्दशीला यंदाही रात्रभर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघाल्या. कापडगिरण्या कधीच्या बंद, पण झांकीवर त्यांचीच नावं. मी राजवाड्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तू सात वर्षांची होतीस तेव्हा त्या गर्दीत हरवली होतीस, बंटी आणि छोटीसकट. दीड वाजता सापडलात, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, पायरीवर. बंटी भोंगा पसरून रडत होता. तू नाही. फ्रॉकचा पट्टा सोडून त्याचं एक टोक तू छोटीच्या मनगटाला बांधलं होतंस, दुसरं स्वतःच्या मुठीत गुंडाळून धरलं होतंस. पट्टा सोडवला तेव्हा तुझ्या बोटांवर वळ होते. मी आधी तुला एक चापट मारली. शाबासकी द्यायची होती गं. तीही तेव्हा पुढच्या ओळीतच राहिली.

तुझ्या टीममध्ये अकरा जणं आहेत म्हणे. त्यांना घरी सोडायला कंपनीची गाडी आहे, हेही तूच सांगितलंस. मग तू स्कूटीवर का? पुढे चालणाऱ्याने गाडीत बसू नये असं कुठल्या व्याकरणात आहे? राहू दे. चिडू नकोस. बाई मोठी झाली, कळतं मला. शेजारी तिघांना सांगून झालंय, आमची मनू टीम लीड झाली. तिसऱ्याने विचारलं, म्हणजे काय करते? पाऊण तास बोललो.

दिव्याचे पाचशे पाठवले आहेत, आईच्या फोनवरून. बल्बच गेला असेल तर एवढे लागणार नाहीत, वायरिंग असेल तर लागतील. लागला की रात्रीचा एक फोटो पाठव, मागून काढलेला.

तुझा
बाबा