आधी खोली मोजा, मग कंटेनर भरा

महोदय,

अमेरिकेत नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्या-नाशकात येऊन राहणाऱ्यांची चर्चा बँक खाती, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) आणि आरोग्य विमा यांपुढे फारशी जात नाही. तिथल्या गॅरेजमध्ये वीस-पंचवीस वर्षांत जमलेल्या वर्कशॉपचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सामान बांधणारे दारात आल्यावर सुचतो, आणि घाईत सगळेच कंटेनरमध्ये चढते. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर माल मावतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो मावत नाही.

पहिला घोळ विजेचा. ड्रिल, राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारे यंत्र), हातातली सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) यांत कार्बन ब्रशवाली मोटर असते. तिला ५० की ६० हर्ट्झ याचे सोयरसुतक नसते. २३० चे ११५ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की ही हत्यारे चालतात. १५ अँपिअरचे हत्यार १८०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर ३ केव्हीएचा, म्हणजे ३००० व्हीएचा घ्यावा. दोनचा घेतला तर राउटर सुरू होतानाच धापा टाकतो.

टेबल सॉ, बँड सॉ, ड्रिल प्रेस यांच्या इंडक्शन मोटरचे, म्हणजे ब्रश नसलेल्या आणि फ्रीक्वेन्सीनुसार वेग ठरणाऱ्या मोटरचे, तसे नाही. मोटरवर ११५/२३० लिहिलेले पाहून लोक आतली जोडणी बदलतात आणि काम झाले समजतात. त्याने व्होल्टेज जुळते, फ्रीक्वेन्सी नाही. मिनिटाला ३४५० फेरे घेणारी मोटर इथे २८७५ च्या आसपास फिरते. व्होल्टेज-हर्ट्झचे गुणोत्तर २४०/६० म्हणजे ४ होते, ते २३०/५० म्हणजे ४.६ होते, मोटरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (जास्त चुंबकत्व पेलत नाही), मोटर जादा करंट खाते, आणि थंड करणारा पंखा नेमका तेव्हाच मंदावलेला असतो. त्यातून सुरुवातीचे वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच ६० हर्ट्झच्या वेगासाठी बेतलेला असतो. बोजाखाली तो उघडलाच नाही, तर ते वाइंडिंग काही सेकंदांतच जळू लागते. यंत्र फारच जिवाभावाचे असेल तर मोटर तिथेच काढून ठेवावी आणि इथे भारतीय मोटर बसवावी. तेव्हा पुली बदलावी लागते हे ध्यानात ठेवा: तिकडच्या ५६ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे मोटरच्या आकाराचा प्रमाणित क्रमांक) मोटरचा शाफ्ट ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी, इथल्या ८० फ्रेमचा १९ मिमी, ९० चा २४. वेग पूर्वीइतका हवा असेल तर मोटरकडची पुली व्यासाने वीस टक्के मोठी घ्यावी. एरवी यंत्र तिकडेच विकावे आणि रंधे, पटाशा, क्लॅम्प, मोजमापाची साधने आणावीत. खरी किंमत त्यांचीच असते. लिथियम बॅटऱ्या, रंग, थिनर पॅकर्स घेत नाहीत, तेव्हा बॅटरीवरची हत्यारेही इथेच घेतलेली बरी.

स्वतः सुतारकाम करणाऱ्याला पेट्या घरीच ठोकण्याचा मोह होतो. कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर ती बंदरावर अडकते. प्लायवुडला ही अट नाही, पण त्याला आतून ठोकलेल्या पट्ट्यांना आहे. कंटेनरला आतून घाम फुटतो, म्हणून बिडाच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर ग्रीसचा जाड थर द्यावा.

आता जागा. फ्लॅटच्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरून बांधतात. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक ताव सुमारे ३५ किलोचा. दहा ताव भिंतीला उभे टेकवले की साडेतीनशे किलो जेमतेम पाच चौरस फुटांवर येतात. ते बीम किंवा कॉलमजवळ ठेवावेत, खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीत कधीच नाही. तसाही हा ताव बहुतेक लिफ्टमध्ये जात नाही. टेबल सॉवर तो लांबीने चिरायला पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत तो विचार सोडावा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मापाप्रमाणे कापूनच आणावा.

स्टिल्टमधले (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतले) पार्किंग पत्रे ठोकून बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. स्टिल्ट पार्किंग हा सामायिक भाग असून बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात तेव्हाच्या कायद्यानुसार स्पष्ट केले होते. गच्चीवरच्या शेडचीही तीच गत. जिन्यात रॅक ठेवणे तर आगीच्या वेळी जिवावर बेतेल.

आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. सर्क्युलर सॉ शंभरच्या आसपास जाते. खिडकी लावून हवेतला आवाज थोडा अडतो. स्लॅब-कॉलममधून जाणारी थरथर अडत नाही, म्हणून बेंचच्या पायांखाली जाड रबर हवे. दुपारी एक ते चार यंत्र बंद ठेवले तर शेजारी निम्मा आवाज माफ करतात. फ्लॅट घ्यायचाच असेल तर तळमजल्यावरचा बघावा. कोपऱ्यातला मिळाला तर उत्तम. मोठी यंत्रे हवीतच असतील तर औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा भाड्याने घेणे सरळ पडते. मात्र विजेचा दर घरगुती नसतो. घरातल्या खोलीला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि ‘सी’ प्रकारचा एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) बसवावा. ‘बी’ प्रकारचा एमसीबी मोटर सुरू होताच पडतो.

साठवणुकीत खरा शत्रू पावसाळा. अमेरिकेतल्या गरम केलेल्या घरात लाकडात ६ ते ८ टक्के ओल असते; कोकणात श्रावणापर्यंत ती १६-१७ वर जाते. ओकची बारा इंच रुंद फळी तेवढ्याने जवळपास एक सेंटिमीटर फुगते, ड्रॉवर अडकतात, सांधे उकलतात. माळ्यावर लाकूड कोंबू नये. रॅक लोखंडी घ्यावा, जमिनीपासून सहा इंच उंच आणि भिंतीपासून दोन इंच लांब, म्हणजे वाळवीची मातीची नळी दिसते तरी. तिकडून आणलेला पाइन वाळवीला फार आवडतो.

आपला,
एक वाचक, पुणे