गुलाबी हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे पावतीवर लिहून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की दागिन्यांच्या जाहिराती पानपानभर येतात आणि अलीकडे त्यांत ‘पिंक डायमंड’ची अंगठी हमखास असते. एक कॅरेटचा गडद गुलाबी खडा, किंमत काही हजारांत आणि खाली ‘हॉलमार्क दागिना’. हॉलमार्क खराच असतो, पण तो सोन्याचा. खड्याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. ‘पिंक डायमंड’ या नावाखाली आज निदान चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाणीतून गुलाबीच निघालेला हिरा ही त्यांतली सर्वांत दुर्मीळ वस्तू. पिवळ्या हिऱ्याला बहुधा नायट्रोजनमुळे रंग येतो, निळ्याला बोरॉनमुळे. गुलाबीचे कारण वेगळे आहे. जमिनीच्या पोटातल्या प्रचंड दाबाने स्फटिकाची रचना थरांथरांत सरकते आणि असा सरकलेला हिरा हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेतो. म्हणून दहापट भिंगाखाली पुष्कळ नैसर्गिक गुलाबी हिऱ्यांत रंग सगळीकडे सारखा नसतो, समांतर रेघांत साचलेला दिसतो. जगातला सुमारे ९० टक्के गुलाबी माल पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या अर्गाइल या एका खाणीतून येत असे. रिओ टिंटो कंपनीने ती नोव्हेंबर २०२० मध्ये बंद केली. १९८३ पासून तिथून ८६ कोटी कॅरेटहून अधिक कच्चा माल निघाला, पण त्यात गुलाबी हजारात एकही नव्हता. बाकी बहुतेक माल बारीक आणि तपकिरी. तो पैलू पाडायला आपल्याकडे येई आणि सुरतेचा हिरे उद्योग वाढला त्यात या स्वस्त मालाचा मोठा वाटा आहे.

‘खाण बंद झाली, आता भाव चढतच जाणार’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळते. ते ज्यांना लागू पडते ते खडे मूठभर आहेत. अर्गाइलचे निवडक खडे १९८४ पासून दरवर्षी बंद निविदेने विकले जात आणि २०२१ च्या शेवटच्या निविदेत फक्त ७० खडे होते. दहा सेंटच्या, म्हणजे ०.१० कॅरेटच्या, फिकट गुलाबी हिऱ्याचा त्या बाजाराशी संबंध नाही. ‘हा अर्गाइलचा’ असे कोणी म्हणाले, तर खाणीचे मूळ प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कमरपट्ट्यावर, म्हणजे भोवतालच्या सर्वांत रुंद कडेवर, लेझरने कोरलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. क्रमांक जुळत नसेल तर अर्गाइलच्या नावाचे पैसे देऊ नयेत.

पांढऱ्या हिऱ्याची डी-ई-एफ श्रेणी इथे चालत नाही. हिरे तपासून अहवाल देणाऱ्या जीआयए या अमेरिकन संस्थेच्या अहवालात गुलाबी रंग फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड असा चढत जातो. फॅन्सी डीप आणि फॅन्सी डार्क या गडद बाजूच्या श्रेणी. रंगाच्या नावात शेवटचा शब्द मुख्य रंगाचा असतो. ‘पर्पलिश पिंक’ म्हणजे जांभळी झाक असलेला गुलाबी, त्याला मागणी जास्त. ‘ब्राउनिश पिंक’ तपकिरी झाकेचा, तो बराच स्वस्त. बजेट बेताचे असेल आणि नैसर्गिकच हवा असेल, तर या तपकिरी किंवा नारिंगी झाकेच्या फिकट खड्यांकडे वळावे. फिकट रंगाला ‘व्हिव्हिड’चा भाव देण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे. अर्गाइलची स्वतःची पट्टी निराळी होती. तीत १ सर्वांत गडद आणि ९ सर्वांत फिकट, म्हणजे आकडा मोठा तितका रंग कमी. गिऱ्हाईक इथे उलटे समजून फसते. शुद्धतेचा आग्रह मात्र थोडा सैल सोडावा, कारण गुलाबी खड्याची किंमत मुख्यतः रंगावर ठरते आणि या खड्यांत आतले डाग, रेघा नेहमीच्याच असतात.

यानंतर येतात रंग दिलेले नैसर्गिक हिरे. काही तपकिरी हिरे प्रचंड दाब आणि उष्णतेने गुलाबी करता येतात, काहींवर किरणांचा मारा करून मग तापवतात. यांचा रंग बऱ्यापैकी टिकतो, तरी दुरुस्तीच्या वेळी फुंकणीची आच थेट खड्याला लागू देऊ नये. सर्वांत फसवा प्रकार लेप दिलेल्या हिऱ्याचा. हिरा खरा, पण त्याच्या पृष्ठभागावर गुलाबी रंगाचा अतिशय पातळ थर चढवलेला. वर्षभर हातात वापरला की पैलूंच्या कडांवर थर झिजून पांढरे ठिपके दिसू लागतात. दागिना दुरुस्तीला गेला आणि कारागिराने तो आम्लात उकळला, तर रंग गेलाच. दोष बिचाऱ्या कारागिराच्या माथी येतो, कारण लेप आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. असा दागिना घ्यायचाच असेल तर तो वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊ नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे.

दुकानांतला गडद आणि परवडणारा गुलाबी हिरा आज बहुतेक वेळा प्रयोगशाळेत वाढवलेला असतो. तोही कार्बनचाच, कडकपणातही तेवढाच. पण रंगाची रीत वेगळी. वाढवलेल्या स्फटिकात थोडा नायट्रोजन असतो. त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून तो सुमारे ८०० अंशांवर तापवला, की स्फटिकातल्या रिकाम्या जागा नायट्रोजनशेजारी जाऊन बसतात आणि रंग गुलाबी होतो. अशा पुष्कळ खड्यांवर अतिनील टॉर्च मारला तर ते झगझगीत केशरी उजळतात. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये. गोवळकोंडा जातीच्या विरळा नैसर्गिक गुलाबी हिऱ्यांतही हा केशरी प्रकाश दिसतो आणि काही लॅब हिरे उजळत नाहीत. दुकानातले ‘डायमंड टेस्टर’ नावाचे पेन उष्णता किती वेगाने वाहते एवढेच मोजते. ते लॅबच्या हिऱ्यालाही ‘हिरा’ म्हणते, आणि बहुतेक वेळा मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यालाही. मॉइसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा भिंगातून तिरपे पाहिल्यास दुहेरी दिसतात. अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिर्कोनियाचा नकली खडा, वजनाने उघडा पडतो. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण एक कॅरेट भरतो, तेवढाच अमेरिकन डायमंड पावणेदोनच्या आसपास.

लॅबचा हिरा घेण्यात कमीपणा काहीच नाही. रोज घालायची अंगठी असेल तर आमच्या मते तोच घ्यावा. फक्त लॅबच्या भावात घ्यावा आणि विकताना मूळ रकमेतले फारसे हाती येईल अशी आशा ठेवू नये.

खरी गडबड बारीक खड्यांत होते. मधे पांढरा हिरा आणि भोवती एकेक सेंटचे तीस-चाळीस गुलाबी, अशा अंगठीतल्या प्रत्येक कणाचा अहवाल काढणे कुणालाच परवडत नाही. लॅबचे किंवा लेपाचे खडे मिसळायला हीच जागा सोयीची. म्हणून बारीक माल जडवण्याआधी यंत्रावर तपासला होता का, हे विचारावे आणि बारीक खड्यांची जात पावतीवर वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी.

मोठा खडा असेल तर तो कोंदणात बसण्याआधी सुटा पाहावा. गुलाबी सोन्यात, म्हणजे तांबे जास्त घातलेल्या मिश्रणात, कोंदण केले की फिकट खडाही दोन पायऱ्या गडद वाटतो. मागून बंद कोंदण असेल तर खाली काय रंगवले आहे ते कळतच नाही. दुकानातले पिवळसर दिवे हा आणखी एक मदतनीस. पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा उपडा ठेवून दिवसाच्या उजेडात, थेट उन्हात नव्हे, पाहिला की रंगाची खरी पातळी दिसते. अहवालावरचे वजन आणि मिलिमीटरमधली मापे समोरच्या खड्याशी ताडून पाहावीत, अहवालाचा क्रमांक तो देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. अहवालात ‘कलर ओरिजिन’ या रकान्यात ‘नॅचरल’ आहे की ‘ट्रीटेड’, हे सर्वांत आधी वाचावे. खडा लॅबचा असेल तर तसे अहवालाच्या मथळ्यातच लिहिलेले असते.

आता पावती. १८ कॅरेट सोन्याच्या अंगठीचे एकूण वजन ४.६० ग्रॅम आणि खडे १.५० कॅरेट असतील, तर खड्यांचे वजन ०.३० ग्रॅम होते, कारण खड्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम (सोन्याचा कॅरेट वेगळा, तो शुद्धता सांगतो). सोन्याचा भाव ४.३० ग्रॅमवरच लागला पाहिजे, आणि तोही १८ कॅरेटचा. एकूण वजनावर सोन्याचा दर लावून वर खड्यांचे पैसे वेगळे घेण्याची खोड अजून गेलेली नाही. सोने, खडे, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी या चार रकमा स्वतंत्र हव्यात. सोन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. सुटा हिरा घेत असाल तर बिलावरचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा, क्रमांक बघा. नैसर्गिक हिरा ७१०२ खाली येतो, लॅबचा ७१०४ खाली. तयार दागिन्याला मात्र ७११३ लागतो, त्यामुळे तिथे ही खूण उपयोगाची नाही आणि ‘नैसर्गिक’, ‘प्रक्रिया केलेला’, ‘लेप दिलेला’ किंवा ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ यांपैकी एक शब्द लिहूनच घ्यावा लागतो. कच्च्या पावतीवर यातले काही शाबीत होत नाही. पक्की पावती असेल तर तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आयएसओ १८३२३ या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नुसता ‘डायमंड’ हा शब्द फक्त नैसर्गिक हिऱ्यासाठी वापरायचा असतो. दैनिकांच्या जाहिरात विभागांनी मजकूर स्वीकारताना एवढे तरी पाहावे, आणि लॅबच्या खड्याची जाहिरात असेल तर ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ हे शब्द ‘पिंक डायमंड’ इतक्याच मोठ्या टाइपात, त्याच ओळीत छापावेत, अशी आमची विनंती आहे.

आपले विश्वासू,
दोन रत्नपारखी, मुंबई